तांबड्या रक्तपेशीचे पटल : चित्रातले खरे किती, हाताचे किती?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनातील व्याख्यान म्हटले म्हणजे इतिहास, संतवाङ्मय अथवा समाजाची प्रगती यांपैकी एखादा विषय असावयाचा, असा आपला प्रघात आहे. या खेपेस चिटणिसांनी आम्हांस आमच्याच व्यवसायातील विषय घेण्याची मोकळीक दिली, याबद्दल त्यांचे आभार मानून आरंभ करतो. आमचे निम्मे आयुष्य इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापाशी, अंधाऱ्या खोलीत गेले. तेथे जे पाहिले ते मुलाबाळांसह बसलेल्या सभेपुढे कसे मांडावे, हा प्रश्न आम्हांस आठ दिवस पडला होता. अखेर आम्ही ठरविले की, यंत्राची थोरवी सांगण्यापेक्षा त्या यंत्राच्या साक्षीवर विश्वास कितपत ठेवावा, हेच सांगावे.

व्यासपीठाच्या डाव्या हातास तीन छायाचित्रे टांगली आहेत. पहिल्यात एक पेशी आहे. ती कडेने जाड आणि मध्ये दोन्ही बाजूंनी दबलेली, थेट बालूशाहीसारखी दिसते. दुसरी धोत्र्याच्या फळासारखी चोहोबाजूंनी काटेरी आहे. तिसरी चपटी, कडा मुडपलेल्या पापडासारखी. तिन्ही छायाचित्रे एकाच निरोगी माणसाच्या, एकाच वेळी काढलेल्या रक्ताची आहेत. माणूस बदलला नाही, रक्त बदलले नाही; बदलली ती केवळ ते यंत्रात ठेवण्यापूर्वीची तयारी. आजचे आमचे सर्व सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

प्रथम पेशीची ओळख करून देतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलीमीटर रक्तात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबात, सुमारे पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. प्रत्येकीचा व्यास सात-साडेसात मायक्रॉन; एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. सुमारे १२० दिवसांचे तिचे आयुष्य. हॉलंडमधील लेव्हेनहूक याने १६७४ मध्ये आपल्या हातच्या भिंगातून या पेशींचे वर्णन करून ठेवले, तेव्हापासून त्या पंडितांच्या परिचयाच्या आहेत. परंतु या पेशीला एक पातळ पटल वेढून असते, ते साध्या सूक्ष्मदर्शकातून कधीच नीट दिसले नाही, कारण ते अवघे सात-आठ नॅनोमीटर जाड आहे. मिलीमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पेशी एक मीटर रुंदीच्या परातीएवढी कल्पिली, तर तिचे पटल एक मिलीमीटर जाड होईल. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची धाव २०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. त्याच्या पुढे त्याचा इलाज नाही.

ही मर्यादा ओलांडली ती प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून. बर्लिन येथे १९३१ मध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी असे पहिले यंत्र उभारले. रुस्का यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. आपल्या देशात नीरजनाथ दासगुप्त यांनी १९४० च्या दशकात कलकत्त्यास हे यंत्र उभे केले, याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

आता अडचण ऐका. इलेक्ट्रॉन हवेच्या कणांवर आदळून विखुरतात, म्हणून यंत्राच्या नळीतून हवा काढून टाकावी लागते. निर्वात जागेत पाणी क्षणभरही टिकत नाही, आणि रक्तपेशी तर बहुतांशी पाणीच आहे. शिवाय कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन असल्या हलक्या अणूंचे बनलेले पटल इलेक्ट्रॉनांना फारसे अडवीत नाही. त्याची छाया जवळजवळ पडतच नाही. तेव्हा पेशी मारावयाची, तिचे पाणी काढावयाचे, तिच्यात जड धातू भरावयाचा, आणि मग तिचे चित्र घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. छायाचित्रात जी काळी रेघ दिसते ती बहुधा ऑस्मियमची, शिशाची अथवा युरेनियमची असते, पटलाची नव्हे. पटलाने तो धातू कोठे धरून ठेवला, एवढेच ती सांगते. या हाताळणीमुळे चित्रात जे उत्पन्न होते, पण मूळ पेशीत नसते, त्यास आम्ही 'कृतक' म्हणतो. इंग्रजी शब्द आर्टिफॅक्ट.

कृतकाचा प्रारंभ यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी होतो. रक्त काढून त्यातील रस दूर करावा, पेशी शुद्ध मिठाच्या पाण्यात धुवाव्यात, काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये थेंब ठेवावा. पाहता पाहता त्यांच्या अंगावर काटे उभे राहतात. काचेमुळे सान्निध्यातील पाण्याची अल्कता वाढते, हे त्याचे एक कारण. रक्तरसातील अल्ब्युमिन हे प्रथिन नाहीसे होते, हे दुसरे. अल्ब्युमिन परत घातले की काटे मावळतात आणि बालूशाही पूर्ववत होते. हे अल्ब्युमिनचे कार्य १९४० मध्ये फर्चगॉट आणि पाँडर यांनी दाखविले. हेच फर्चगॉट पुढे रक्तवाहिन्यांवरील अगदी निराळ्या कामासाठी १९९८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. पॅरिसचे मार्सेल बेसी यांनी १९७० च्या सुमारास या आकारांना नावे दिली: चकतीसारखी ती डिस्कोसाइट, काटेरी ती एकिनोसाइट, एका बाजूने वाटीसारखी ती स्टोमॅटोसाइट. नावे भारदस्त आहेत खरी. परंतु एकच पेशी पाव तासात तिन्ही नावे धारण करू शकते, हे विसरता कामा नये.

पाण्यातील क्षारांचे प्रमाण हा दुसरा मामला. शंभर भाग पाण्यात मीठ ०.९ भाग असले की पेशी स्वस्थ राहते. पाणी त्याहून पातळ असले तर ती फुगून गोळा होते आणि अखेर तिच्यातील हिमोग्लोबिन बाहेर पडते. दाट असले तर आकसते. पापडखाराचे प्रमाण चुकले तर पापड बिघडतो हे आपल्या गृहिणींस ठाऊकच आहे. येथेही चिमटीचा हिशेब आहे, आणि पुढे कितीही महाग यंत्र वापरले तरी ही चूक भरून निघत नाही.

त्यानंतर पेशी 'स्थिर' करावयाची. त्यासाठी ग्लुटाराल्डिहाइड नावाचे द्रव्य १९६३ पासून प्रचारात आले. कातडे कमावण्याच्या धंद्यातही हेच द्रव्य वापरतात, आणि काम तेच: प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकणे. पेशीतील हिमोग्लोबिन थोड्या वेळात घट्ट होते आणि आकार जागच्या जागी थांबतो. परंतु पटलातील स्निग्ध द्रव्यास ते बांधीत नाही. स्निग्ध द्रव्य धरून ठेवण्याचे काम दुसऱ्या द्रव्याचे, ऑस्मियम टेट्रॉक्साइडचे; हे महाविषारी द्रव्य डोळ्यांना फार जपून हाताळावे लागते. ऑस्मियम वगळले आणि पेशी अल्कोहोलमध्ये घातली, तर पटलाचे बरेचसे स्निग्ध द्रव्य अल्कोहोलाबरोबर निघून जाते. ऑस्मियम वापरले तरी काही जातेच. नंतर चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलांत पाणी घालवून पेशी कृत्रिम राळेत गोठवावयाची, आणि काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने साठ-सत्तर नॅनोमीटर जाडीचे छेद घ्यावयाचे. यातील प्रत्येक पायरीवर पेशी थोडीथोडी आकसते.

पृष्ठभागाचे चित्र घ्यावयाचे असेल तर छेद नको, पण पेशी वाळवावी लागते. ती उघड्या हवेत वाळवली तर पाण्याची पातळी खाली सरकताना पृष्ठताणामुळे पेशी काचेवर चेपली जाते. टांगलेले तिसरे छायाचित्र ते हेच. यावर टी. एफ. अँडरसन यांनी १९५० च्या सुमारास तोड काढली. अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरावा, आणि बंद भांड्यात ३१ अंशांच्या वर व सुमारे ७३ वातावरणांच्या वर न्यावा. तेथे द्रव आणि वायू यांचा भेदच उरत नाही. म्हणून पातळी नाही, पातळीचा ताण नाही, आणि चेपणेही नाही. तोड सुंदर आहे. तथापि या रीतीनेही पेशी लहान होते. साडेसात मायक्रॉनची पेशी सहाच्या आतबाहेर भरणे यात नवल नाही. पुढे तिच्यावर सोन्याचा मुलामा देतात, तो पुष्कळदा दहा-वीस नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे पटलाहून पटलावरचा दागिनाच जड! अशा चित्रात पेशीचा घाट पाहावा. पटलाची वीण पाहू नये.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग हे सारे शास्त्र वाळूवर बांधलेले आहे काय? तसे नाही, आणि याच ठिकाणी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे.

पटल दोन थरांचे आहे, हे ज्ञान मुळात तांबड्या पेशीवरूनच आले. लायडन येथील बालरोगतज्ज्ञ गॉर्टर आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये पेशींतील स्निग्ध द्रव्य ॲसिटोनने काढले, ते पाण्यावर एकपदरी पसरविले, आणि त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असे दाखविले. यावरून पटलात दोन पदर असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष बरोबर होता. परंतु ॲसिटोनने सर्व स्निग्ध द्रव्य निघत नाही. आणि त्यांनी पृष्ठभाग मोजला तो वाळलेल्या पेशींचा. माणसाच्या पेशीचा पृष्ठभाग त्यांनी सुमारे १०० चौरस मायक्रॉन धरला. तो वस्तुतः १४० च्या घरात आहे. दोन्ही चुका जवळजवळ सारख्या, त्यामुळे भागाकार बिघडला नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हे सारे पुन्हा मोजून उघडकीस आणले. जमेची आणि खर्चाची चूक सारखीच पडून शिल्लक बरोबर निघावी, असा हा प्रकार. कोणाही हिशेबनिसाने याबद्दल बक्षीस मागू नये, आणि दोघांचा हेवाही करू नये.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पटल प्रत्यक्ष दिसू लागले ते १९५० च्या दशकात. जे. डेव्हिड रॉबर्टसन यांना पोटॅशियम परमँगनेट आणि ऑस्मियम यांनी स्थिर केलेल्या पटलांत सर्वत्र दोन काळ्या रेघा आणि मध्ये एक पांढरी पट्टी, एकूण साडेसात नॅनोमीटर, असे दृश्य दिसले. सर्व पटलांची घडण एकच, असे त्यांनी मांडले; बाहेरच्या दोन काळ्या रेघा प्रथिनांच्या चादरी, असा अर्थ लावण्यात आला. पुढे १९६७ मध्ये पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या भागांतून जवळजवळ सर्व स्निग्ध द्रव्य काढून टाकूनही तशाच दोन रेघा दिसल्या, तेव्हा मंडळी विचारात पडली. ज्याचे चित्र म्हणून आपण मानतो ती वस्तूच काढून घेतली, तरी चित्र तेच! यावरून रेघा खोट्या ठरत नाहीत. परंतु रेघांवरून 'येथे अमुक आहे' असे म्हणण्याचा अधिकार मात्र कमी होतो.

वादाचा निकाल लागण्यास रीतच निराळी हवी होती. जिच्यात ऑस्मियम नाही, अल्कोहोल नाही, राळ नाही. ती म्हणजे पेशी झटकन गोठवून बर्फासकट फोडावयाची, आणि फुटलेल्या पृष्ठभागावर प्लॅटिनमचा साचा घ्यावयाचा. येथेही पहिला प्रश्न हाच की, फूट पडते ती पटलाच्या बाहेरून की मधून? डॅनियल ब्रँटन यांनी १९६६ मध्ये ती दोन पदरांच्या मधून पडते असे म्हटले, ते अनेकांस पटले नाही. १९७० मध्ये पिंटो दा सिल्वा आणि ब्रँटन यांनी तांबड्या पेशींच्या पटलांना बाहेरून फेरिटिन या लोहयुक्त प्रथिनाची खूण चिकटवली, मग ती गोठवून फोडली. फुटलेल्या पृष्ठावर खूण दिसली नाही. बर्फ थोडा उडवून खरा बाह्य पृष्ठभाग उघडा केल्यावर मात्र दिसली. चोराच्या अंगरख्याला गुलाल लावून ठेवावा तशी ही युक्ती. वाद मिटला.

हे प्रयोग ज्या पटलांवर झाले त्यांना शास्त्रज्ञ 'घोस्ट' म्हणजे भुते म्हणतात. पेशीतील हिमोग्लोबिन पातळ पाण्यात काढून टाकले की जे फिकट कवच उरते ते भूत. त्यातून १९६८ मध्ये जे प्रथिन वेगळे केले त्याचे नाव स्पेक्ट्रिन, तेही भुताच्याच शब्दावरून. आमच्या आजीने हे ऐकले असते तर तिने दृष्ट काढली असती.

फुटलेल्या पृष्ठावर आठ-नऊ नॅनोमीटरचे असंख्य दाणे दिसत. ती पटलात रुतलेली प्रथिने होत. भुते ज्या पाण्यात ठेवली त्याची आम्लता वाढविली की हे दाणे गोळा होऊन पुंजके बनत, आणि पाणी पूर्ववत केले की पुन्हा पांगत. एका दृष्टीने हा केवळ तयारीचा दोष. परंतु दाणे गोळा होतात आणि पांगतात, त्या अर्थी ते पटलात सरकू शकतात, हेही त्यातूनच कळले. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये पटल हे घट्ट भिंत नसून प्रथिने तरंगणारा द्रव पदर आहे, असे जे चित्र मांडले त्यास अशा पुराव्याने बळ मिळाले. कृतक ओळखीचे झाले की ते शत्रू राहत नाही.

आता स्पेक्ट्रिनची कथा. पटलाच्या आतल्या अंगास या प्रथिनाचे जाळे असते. पेशी केशवाहिनीतून चेपून जाते आणि पुन्हा आकारात येते ती त्याच्याच बळावर. १९८५ मध्ये बायर्स आणि ब्रँटन यांनी हे जाळे पसरून त्याची छायाचित्रे घेतली: प्रत्येक गाठीतून बहुधा सहा धागे निघालेले, प्रत्येक धागा सुमारे २०० नॅनोमीटर लांब. चित्र इतके देखणे की पाठ्यपुस्तकांनी ते तसेच उचलले. आता आपण मंडळाच्या खजिनदारांप्रमाणे हिशेब करू. एका पेशीत असे धागे सुमारे एक लाख. प्रत्येक गाठीस सहा धागे आणि प्रत्येक धागा दोन गाठींचा, म्हणून गाठी सुमारे तेहतीस हजार. १४० चौरस मायक्रॉन जागेत इतक्या गाठी बसवावयाच्या तर दोन गाठींमधील अंतर सुमारे ७० नॅनोमीटर पडते; २०० नव्हे. म्हणजे जिवंत पेशीत धागा आखडून असतो, आणि चित्रातला धागा चित्र घेण्यासाठी ताणलेला आहे. न ताणलेल्या जाळ्यांची चित्रे पुढे आली, त्यांत हे अंतर खरोखरच कमी भरले. ताणून पाहणाऱ्यांनी काही फसविले नव्हते. ताणल्यावाचून षट्कोनी वीण उलगडलीच नसती. परंतु पेशी लवचीक का, याचे उत्तर त्या आखडलेल्या धाग्यातच आहे, आणि ते नेमके तयारीत नाहीसे झाले होते.

अलीकडची रीत म्हणजे पाणी न काढताच पाहणे. झाक दुबोशे यांनी हायडेलबर्ग येथे १९८० च्या दशकात दाखविले की, पाण्याचा पातळ पापुद्रा द्रवरूप इथेनमध्ये झटकन बुडविला तर बर्फाचे स्फटिक होण्यास अवसरच मिळत नाही. पाणी काचेसारखे गोठते. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांस, योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासह मिळाले. या रीतीत ऑस्मियम नाही, राळ नाही. तरीही पटलाच्या दोन रेघा दिसतात, कारण दोन्ही पदरांची फॉस्फेटयुक्त टोके मधल्या भागाहून दाट आहेत. रॉबर्टसन यांच्या रेघांना ही स्वतंत्र साक्ष मिळाली. मात्र इलेक्ट्रॉन काही शे नॅनोमीटर बर्फातूनच पार जातात, आणि पेशी कडेशी दोन मायक्रॉन जाड आहे. म्हणून तिचे भूत तरी करावे लागते, नाही तर गोठलेली पेशी आयनांच्या झोताने तासून पातळ करावी लागते. तासण्याचेही आपले कृतक आहेच.

हे सर्व आपल्या घरांशी कोठे येऊन मिळते, ते सांगून थांबतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा वंशपरंपरेने येणारा रोग पुष्कळ कुटुंबांत आढळतो. त्यात प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनच्या दोऱ्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू मिळाला की बहुतेक पेशी पुन्हा गोल होतात. आता असे रक्त उघड्या हवेत हाताळून स्थिर केले, तर छायाचित्रात रोगी निरोगी दिसेल. विळे पाहावयाचे असतील तर रक्त प्राणवायूविरहित ठेवून, प्राणवायू काढलेल्या द्रव्यातच स्थिर करावे लागते. जे काही विळे हवेतही सरळ होत नाहीत, त्यांची गोष्ट वेगळी. १९७६ मध्ये असे आढळले की, त्यांतील हिमोग्लोबिन काढून टाकले तरी रिकामे जाळे विळ्याच्याच आकाराचे राहते. वारंवार वाकून वाकून जाळ्यालाच ते वळण पडलेले असते. हे कळले ते हाताळणीचे दोन प्रकार शेजारी ठेवून तुलना केली म्हणूनच.

नेहमीच्या तपासणीतही हेच आहे. नळीत फार वेळ राहिलेल्या रक्ताचा लेप काढला तर निरोगी माणसाच्या पेशीही काटेरी दिसतात; आणि मूत्रपिंडाच्या विकारातही काटेरी पेशी दिसतात. अनुभवी डॉक्टर अहवाल लिहिण्यापूर्वी रक्त किती वाजता काढले ते विचारतात, आणि संशय आल्यास ताजे रक्त मागवून लगेच लेप काढतात. आपल्यापैकी कोणास पुन्हा रक्त देण्यासाठी बोलावणे आले, तर ते बहुधा यासाठी असते.